उशीवरून दिसणारी खोली

अण्णा : आत येऊ नकोस. तिथंच थांब, उंबऱ्यावर. पायाचे अंगठे उंबऱ्याला टेकव. हां, अस्सं. आता काढ हात डोळ्यांवरून.

लेक : अण्णा…

अण्णा : बोल, बोल. संकोच करू नकोस.

लेक : ही आपलीच खोली आहे? तीच, अडगळीची? जिच्यात शिरताना पोट आत घ्यावं लागायचं?

अण्णा : तीच. नऊ बाय नऊ. मी एक बोटभरही वाढवलेली नाही. पण दिसते की नाही बारा बाय बाराची?

लेक : दिसते हो. दोन पलंग, मध्ये चालायला वाट, खिडकीला पडदा, वर ते सहा खणांचं कपाट. एवढं कपाट तुम्ही केलंत कधी? परवा मी डोकावले तेव्हा तर नव्हतं.

अण्णा : अगं, चाळीस वर्षं नाटकांचं नेपथ्य उभं केलं मी. एका मध्यंतरात झोपडीचा राजवाडा केलाय. लोक चहा पिऊन परत येईपर्यंत खांब, झुंबर, सिंहासन, सगळं जागच्या जागी. कपाटाचं काय घेऊन बसलीस.

लेक : मुलींच्या संस्थेतल्या मॅडमना पटलं म्हणजे मिळवली. मागच्या खेपेला इथेच उभ्या होत्या त्या. म्हणाल्या, 'एक बेड इथे नीट राहील. दुसरा कुठे ठेवणार?'

अण्णा : मी ऐकलं की. आपण मुली दोन मागितल्या आणि बाई एकीवर आल्या. बाजारातसुद्धा कुणी इतकं पाडून मागत नाही.

लेक : त्यांचं काय चुकलं? प्रत्येक मुलीला स्वतःचा पलंग आणि हिंडाफिरायला जागा, हा नियमच आहे. आज दुपारी येऊन त्या काय ते ठरवणार. खोली नियमात बसली नाही, तर थोरली आपल्याकडे आणि धाकटी त्या दुसऱ्या घरी. ते लोक तयारच आहेत, त्यांना लहानच मूल हवंय.

अण्णा : सख्ख्या बहिणी. एक नऊची, एक पाचची. आईबाप गेले, आता एकमेकींनाही मुकायचं. असं कुठं असतं का?

लेक : असतं अण्णा. खोली लहान असली की असतं.

अण्णा : म्हणून तर मोठी केली ना. पटतंय का? बाई येणार, या उंबऱ्यावर उभ्या राहणार. त्या आपल्या पहिल्या रांगेतल्या प्रेक्षक. त्यांच्या डोळ्यांत हे एकदा भरलं की काम फत्ते.

लेक : एक विचारू? पलंग असे तिरके का?

अण्णा : आला प्रश्न. खाट भिंतीला सरळ लावली की दारातून तिचा नुसता पाय दिसतो. तिरकी केली की अख्खी उलगडते. दोन खाटा, दोन्ही तिरक्या, प्रेक्षकाकडे तोंड करून. शिकलेलं आहे ते, उगाच नाही.

लेक : नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. अंगण सरळ आणि पलंग वाकडे, हे पहिल्यांदा बघतेय.

अण्णा : हस, हस. बाई बघून गेल्या की मग हस.

लेक : बरं, मी आत येऊ? का प्रेक्षकाला रंगमंचावर चढायला बंदी आहे?

अण्णा : ये. जरा जपून. त्या टेकूला पाय लावू नकोस.

लेक : टेकू कसला?

अण्णा : कपाटाचा. मागून दिलाय. काही नाही, तू इकडून ये.

लेक : गल्लीतल्या पाळणाघराच्या बाईंनी फ्रॉक धाडलेत दोघींना, ते आधी लावून टाकते. वरच्या खणात थोरलीचे… अण्णा, हा खण उघडत नाही.

अण्णा : कुठला?

लेक : वरचा. थांबा, खालचा बघते. हाही नाही. अहो, मूठच हाताला लागत नाहीये.

अण्णा : रंगवलीय.

लेक : काय रंगवलीय?

अण्णा : मूठ. मूठ, मुठीची सावली, खणांच्या फटी. आणि तिसऱ्या खणातून बाही डोकावतेय ना बाहेर, तीसुद्धा. त्या बाहीला सगळ्यात जास्त वेळ लागला. कुणीतरी घाईघाईत खण लोटलाय असं वाटतं की नाही?

लेक : मी ती बाही आत ढकलायला गेले आत्ता.

अण्णा : बघ. कपाट रंगवणाऱ्याच्या लेकीला फसवलं, बाईंची काय कथा.

लेक : आणि फ्रॉक कुठे ठेवायचे?

अण्णा : फ्रॉक… ते मी धरलं नव्हतं. नाटकात खरे कपडे कपाटात कोण ठेवतं गं.

लेक : मोठं घर पोकळ वासा.

अण्णा : वासाही नाही, प्लायवूड आहे.

लेक : थांबा जरा. मी आडवी होते पलंगावर.

अण्णा : आता हे कशाला? प्रेक्षक काय आडवा पडून नाटक बघतो?

लेक : माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी त्याला खुर्चीत बसवून विचारते, काय दिसतंय. त्याला काय दिसतंय ते मला दारात उभं राहून कळत नाही. सरका जरा. कुरकुरतोय की हा.

अण्णा : लाकूड पाठीला ओळखून घेतंय. तो माल चांगला आहे. याच फळ्यांवर एक राजा चारशे प्रयोग मेला.

लेक : मेला ना? झोपला नाही. आणि माझे पाय कुठे गेले?

अण्णा : बाहेर आलेत थोडे.

लेक : थोडे? पोटऱ्या लोंबकळतायत माझ्या. अण्णा, पलंग आखूड केलात तुम्ही?

अण्णा : सामान आखूड केलं की खोली लांब दिसते. हे माझ्या धंद्यातलं पहिलं कलम आहे. आधी पुऱ्या लांबीच्याच केल्या होत्या. आत मांडल्या आणि खोली अशी गच्च झाली, की मलाच दम लागला. मग पायथ्याचे तुकडे काढले. गॅलरीत उभे करून ठेवलेत.

लेक : काढले म्हणजे कापले?

अण्णा : कापीन मी? माझं सगळं काम खिट्टीवर. दोन्ही तुकड्यांना बिजागरी, बिजागरीत लोखंडी खिट्टी. ठोकली की जोडलं, उपटली की सुटलं. चाळीस वर्षांत मी एक स्क्रू मारलेला नाही. स्क्रू मारला की सामान तिथलंच होऊन बसतं. आपल्याला ट्रक भरून पुढच्या गावी जायचं असतं.

लेक : थोरली नऊची आहे. येत्या दोन वर्षांत ती माझ्या खांद्याला लागेल.

अण्णा : तोवर बघू की. आजचा दिवस तर निघू दे.

लेक : आता ऐका, उशीवर डोकं ठेवून मला काय दिसतंय ते सांगते. उजवीकडे कपाटाची मागची बाजू. कच्ची फळी, खिळ्यांची टोकं, आणि तुमच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय, 'ही बाजू आत'. त्याच्यापलीकडे धाकटीचा पलंग असणार, पण तो दिसत नाही. दार दिसत नाही. खिडकीच्या पडद्याला आतून अस्तर नाही, सुतळ्या लोंबतायत.

अण्णा : आतून कोण बघणार आहे?

लेक : झोपणाऱ्या मुली बघणार आहेत, रोज. अण्णा, ही खोली सगळ्यात चांगली कुणाला दिसते सांगू? जो खोलीत नाही त्याला.

अण्णा : ब्रश धुवायचे राहिलेत माझे.

लेक : रागावलात?

अण्णा : नाही. दोन दिवस खपलो, एवढंच.

लेक : दिसतंय ते मला. हाताला रंग आहे अजून. पण खरं सांगा, तुमच्या मते त्या किती दिवस राहणार आहेत?

अण्णा : मला काय ठाऊक.

लेक : अण्णा.

अण्णा : खरंच ठाऊक नाही गं. मी आजवर जे जे उभं केलं ते पडदा पडला की उतरवलं. महाल उतरवले, देवळं उतरवली, एकदा तर आख्खा आगगाडीचा डबा उतरवला. राहायला म्हणून मी कधी काही केलंच नाही. तू म्हणालीस मुलींची खोली कर, मी म्हटलं करतो. पण माझे हात दारातून दिसेल तेवढंच करतात. पुढचं त्यांना कुणी शिकवलं नाही.

लेक : तुम्हाला येतं ते. दौऱ्यावर मी कशावर झोपायचे, आठवतंय?

अण्णा : नको काढू ते. कपड्यांच्या पेट्यांवर झोपायचीस. तुझी आई मला बोल लावायची, पोरीला गादी नाही म्हणून.

लेक : आईला गादी दिसायची. मला काय आठवतं सांगू? एका पेटीवर मी, शेजारच्या पेटीवर तुम्ही. थिएटर रोज नवं, विंगेत मिट्ट काळोख. मी हात लांब केला की तुमचा सदरा लागायचा. सदरा लागला की मी झोपले. मला कधी भीती वाटली नाही अण्णा. आयुष्यात तशी झोप पुन्हा लागली नाही.

अण्णा : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

लेक : तुम्ही विचारलं कधी? थांबा, फोन. हॅलो. हो मॅडम, नमस्कार. हो, घरीच आहोत आम्ही. आत्ता? नाही नाही, काही अडचण नाही. या ना. हो, तीच गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा मजला. बरं. ठेवते.

अण्णा : काय झालं?

लेक : लवकर येतायत. बसमध्ये बसल्यासुद्धा. वीस मिनिटांत इथे.

अण्णा : वीस?

लेक : मेलो आपण. राहू दे अण्णा, आहे तसंच दाखवू. दारातून तर छान दिसतंय. पुढचं पुढे बघता येईल.

अण्णा : वीस मिनिटं म्हणजे माझं मध्यंतर आहे बाई. सदऱ्याची गोष्ट सांगून वर म्हणतेस राहू दे? ऊठ त्या खाटेवरून. नुसतं एक सांग, उश्या कुठे पाहिजेत.

लेक : एकमेकींजवळ.

अण्णा : किती जवळ?

लेक : हात लांब केला की पोचला पाहिजे.

अण्णा : मग दोन्ही उश्या एकाच कोपऱ्यात, खिडकीच्या बाजूला. एक खाट या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला, काटकोनात. डोकी कोपऱ्यात, पाय लांब. झालं. पहिल्यांदा कपाट बाहेर. तू खालून धर.

लेक : अहो, हलकं आहे की हे. फुलासारखं.

अण्णा : आत काही नसलं की वजन कुठून येणार. दारातून आडवं घे. आडवं. गॅलरीत कठड्याला लाव, तोंड घराकडे. बाहीला खरचटू देऊ नकोस. आता तिथले पायथ्याचे तुकडे आण. एकेक आण, दोन्ही एकदम उचलून कंबर मोडून घेऊ नकोस.

लेक : हा आणला. कुठे?

अण्णा : खाट आधी भिंतीला. तू डोक्याकडून, मी पायाकडून. माझ्या आकड्यावर. एक, दोन, उचल. चल, चल, चल, सोड. आता तुकडा लाव. बिजागरीत बिजागरी बसली? बोटं काढ. खिट्टी दे. हातोडी. ऐकलंस? असा आवाज आला म्हणजे बसली. दुसरी खाट.

लेक : ही उशीकडची बाजू त्या पलंगाला टेकवायची?

अण्णा : अगदी टेकव. फट राहिली तर पाच वर्षांचा हात त्यात अडकेल. एक, दोन, उचल. अगं तुझं डावं, माझं नव्हे. सोड. खिट्टी.

लेक : बसली. अण्णा, मधला चौक बघा केवढा मोकळा झाला. दोघी फुगडी घालतील इथे.

अण्णा : त्या तिरकेपणाच्या पाठीमागे सगळी जागा मरत होती. बोलू नकोस, माहितेय मला. कपड्यांचं काय?

लेक : तेच. कपाट तर गेलं.

अण्णा : माळ्यावर राजाची पेटी आहे आणि राणीची पेटी आहे.

लेक : ज्यांच्यावर आपण झोपायचो त्या?

अण्णा : त्याच. बुडाला चाकं आहेत, आत कापूर घालून ठेवलाय. खाटेखाली सरकतील, वर चार बोटं उरतील. थोरलीला राजाची, धाकटीला राणीची. की उलट?

लेक : त्यांचं त्यांना ठरवू दे. भांडू दे मनसोक्त. द्या खाली, धरलीय मी. बाई गं, हिला काय वजन आहे.

अण्णा : ही खरी आहे ना, म्हणून. सरकव. गेली की नाही आत? आता चादरी.

लेक : ती लाल मखमल काढा आधी.

अण्णा : का? दोन्हींवर एकसारखी आहे. डोळ्याला बरी वाटते.

लेक : संस्थेत सगळ्यांना एकसारख्याच आहेत, राखाडी. थोरलीनं मला भेटीत एकच विचारलं होतं, 'तिथे पलंग आपला आपला असतो का?' ही पिवळी चौकटीची एकीवर, आणि ही हिरवी ठिपक्यांची दुसरीवर.

अण्णा : हे दोन रंग एकमेकांशी बोलत नाहीत बरं का.

लेक : रंगांना कशाला बोलायचंय. बहिणी बोलतील.

अण्णा : आणि धाकटीनं काय विचारलं होतं?

लेक : दिवा असतो का.

अण्णा : मग थांब. माझ्याकडे चंद्र आहे.

लेक : काय आहे?

अण्णा : चंद्राचा दिवा. तीन नाटकांत उगवला तो. हा बघ, वाटीएवढा आहे, पण बटण फिरवशील तसा मंद होतो. दोन उश्यांच्या मध्ये कोपऱ्यात खिळ्यावर अडकव. लाव. अजून मंद. हां, एवढा पुरे. डोळ्यांवर येऊ नये आणि अंधारही नको.

लेक : सुतळ्या कापल्या. पडदा उलटा करून लावते, चांगली बाजू आत. रस्त्यावरच्या लोकांना दिसू देत शिवण.

अण्णा : चल, मी उंबऱ्यावर जाऊन बघतो.

लेक : कसं दिसतंय?

अण्णा : दारातून काहीच दिसत नाही गं. एका खाटेचा पायथा दिसतो आणि राजाच्या पेटीचं कडं. माझ्या जन्मात इतकं वाईट दृश्य मी मांडलेलं नाही. बाई इथेच उभ्या राहणार आणि म्हणणार, लहान खोली, दोन खाटा, झालं. घालवलं मी तुझं.

लेक : नाही घालवलं. त्यांना उंबऱ्यावर उभं राहू द्यायचंच नाही.

(दाराची बेल वाजते.)

मॅडम : नमस्कार. लवकर आले, पण असं बघा, उशिरा येण्यापेक्षा ते बरं. पाणी नंतर, आधी खोली बघू. हीच ना?

लेक : हीच. या आत.

मॅडम : मी इथूनच… असं बघा, खोली लहान ती लहानच आहे.

अण्णा : बघ. उंबऱ्यावर.

लेक : मॅडम, आत या ना. दोन पावलं.

मॅडम : हं. दोन बेड. लांबीला पूर्ण दिसतायत. लहान मुलांसाठी म्हणून आखूड नाहीत ना केलेले? लोक करतात तसं, जागा दिसावी म्हणून.

अण्णा : लोक काहीही करतात हो.

लेक : पूर्ण लांबीचे आहेत. मला पुरतात.

मॅडम : चालायला जागा आहे. मागे मला वाटलं नव्हतं एवढी निघेल. कपडे?

लेक : पलंगाखालची ती पेटी ओढा. एकेकीला एक.

मॅडम : जुन्या मजबूत आहेत. कापराचा वास येतोय. ठीक. दोन बेड बसत नाहीत हा माझा मुद्दा होता, तो मी मागे घेते. पण असं बघा, मला स्पष्ट बोलू दे. दुसऱ्या घरी धाकटीला एकटीला मोठी खोली आहे. खेळायला जागा, अभ्यासाचं टेबल, मोठी खिडकी. उद्या मला कुणी विचारलं की ते सोडून तिला या एवढ्याशा खोलीत दुसरीच्या जोडीला का ठेवलं, तर मी काय सांगू? बहिणी आहेत म्हणून, एवढंच पुरत नाही. तुम्हाला नवरा नाही, घरात तुम्ही आणि हे. मला भक्कम काहीतरी हवं.

लेक : मॅडम, तुम्ही झोपून बघाल का?

मॅडम : काय बघू?

लेक : त्या पिवळ्या चादरीवर. मी या हिरवीवर पडते. दोन मिनिटं फक्त.

मॅडम : अहो, मी पाहणीला आलेय.

अण्णा : बाई, आम्हीही आधी दारातूनच पाहणी केली होती. साफ फसलो. चपला राहू द्या खाली, मी त्या खोलीत जाऊन उभा राहतो. संकोच करू नका.

मॅडम : असं कधी कुणी सांगितलं नव्हतं मला. बरं. उशीवर डोकं?

लेक : हो, कोपऱ्याकडे. काय दिसतंय?

मॅडम : दार दिसतंय. कोण आलं कोण गेलं ते इथून दिसतं. खिडकी. पडदा चांगला आहे, आतून. हा काय चंद्र आहे?

लेक : आहे. आणखी?

मॅडम : तुम्ही दिसताय.

लेक : आता हात लांब करा. माझ्याकडे.

मॅडम : असा?

लेक : पोचला?

मॅडम : पोचला.

लेक : माझा हात थोरलीचा समजा. तिचा याहून जरा लहान असेल, पण पोचेल. आम्ही तेवढं धरूनच मांडलंय.

मॅडम : तुम्हाला कुणी सांगितलं?

लेक : काय?

मॅडम : धाकटीचं. मी कुणाला सांगितलेलं नाही. दिवसभर ती कुणाशीही खेळते, कुणाच्याही कडेवर जाते, म्हणून सगळ्यांना वाटतं ती कुठेही रुळेल. पण थोरलीचा हात लागल्याशिवाय ती झोपत नाही. आमच्याकडे रांगेत बेड आहेत, दोघींचे लांब लांब. सकाळी बघावं तर एक बेड रिकामा आणि एका बेडवर दोघी मुटकुळं करून. आमच्या रात्रीच्या बाई रोज उचलून परत ठेवतात. रोज.

लेक : मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी लहानपणी अशी झोपायचे, म्हणून.

मॅडम : त्या मोठ्या खोलीत हा हात कुठे पोचणार होता.

अण्णा : बाई, मी आत येऊ का? मला ऐकू येतंय, पण काही समजत नाहीये.

मॅडम : या. मी उठत नाही, राग मानू नका. आठवड्यात पहिल्यांदा पाठ टेकलीय. असं बघा, तुमचं भक्कम मला मिळालं. मी दोघींचं लिहिते.

अण्णा : दोघींचं म्हणजे?

मॅडम : दोघींचं म्हणजे दोघींचं. एक आणि एक. परवा सकाळी घेऊन येते.

अण्णा : दोघी? इथेच? याच खोलीत?

लेक : अण्णा, बसा. त्या पेटीवर बसा आधी.

अण्णा : बसतो. बाई, नाटकाच्या धंद्यात टाळ्या पुष्कळ ऐकल्या. नटांना पडायच्या, कधीमधी पडदा वर गेल्याबरोबर माझ्या महालालाही पडायच्या. पण आजच्यासारखं छातीत कधी वाजलं नव्हतं. माझी लेक जिंकली हो. तुम्ही पडून राहा. संध्याकाळपर्यंत पडून राहा. हवं तर चंद्र मोठा करतो.

मॅडम : नको, मंदच छान आहे. आणि रडू नका, नाहीतर मला उठावं लागेल.

लेक : रडत नाहीयेत ते. त्यांच्या हातावरचा रंग डोळ्यांत गेलाय.

मॅडम : तुमच्याही गेलेला दिसतोय. चला, उठते बाई. निघायला हवं, बस चुकेल. पाणी घेते आता. गॅलरीत बसू का दोन मिनिटं? अरे, हे कपाट बाहेर का ठेवलंय, एवढं छान? कुणाची तरी बाही अडकलीय यात. आणि हा खण… अडकलाय वाटतं.

अण्णा : तो जन्मापासून अडकलेलाच आहे.

लेक : मॅडम, ते चित्र आहे. अण्णांनी रंगवलंय. मघापर्यंत खोलीत होतं.

मॅडम : चित्र? मूठसुद्धा? हे मी दारातून बघितलं असतं तर सरळ लिहून टाकलं असतं, सहा खणी कपाट. दिसतं तसं नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. राहू द्या हं हे इथेच, फेकू नका. मुलींना फार आवडेल. आलेल्या गेलेल्याला फसवतील.

अण्णा : फेकतोय कसला. ती बाही माझी सगळ्यात चांगली बाही आहे.

मॅडम : येते मी. परवा. आणि असं बघा, थोरली विचारेल, आपला आपला पलंग कुठला. लगेच सांगू नका. तिला निवडू द्या. तिनं आजवर काही निवडलेलं नाही.

लेक : नाही सांगणार. जिना जपून उतरा. पोचलात की कळवा.

अण्णा : गेल्या?

लेक : गेल्या. अण्णा, दोघी.

अण्णा : दोघी. अजून एकदा म्हण.

लेक : दोघी. किती वेळा म्हणू? तुम्ही तिकडे वाकून काय करताय? पाठ धरेल. राहू दे ते, खिट्ट्या बसल्यात घट्ट. मी चहा टाकते.

अण्णा : चहा नंतर टाक. तुझ्याकडे स्क्रू आहेत का गं?

लेक : स्क्रू? चष्म्याचे आहेत की ढीगभर.

अण्णा : ते नव्हेत. लाकडाचे, लांब.

लेक : तुम्हाला स्क्रू कशाला हवेत?

अण्णा : या खिट्ट्या काढून टाकतो. बिजागऱ्याही काढतो.

लेक : अहो, पण मग पलंग सुटे करता येणार नाहीत कधी. तुम्हीच म्हणालात ना, स्क्रू मारला की सामान तिथलंच होऊन बसतं.

अण्णा : म्हणालो खरा. खालच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतील बघ. जा, दुकान बंद व्हायच्या आत जा. आणि दोन्ही खाटांना पुरतील एवढे आण.